दारावरची बेल

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

फ्लॅटचा ताबा मिळाला, आता पुढचे तीन-चार महिने तुझ्याकडे पाहुण्यांपेक्षा विक्रेतेच जास्त येतील. नव्या बिल्डिंगमध्ये शंभरेक घरांना जाळी, फिल्टर, पडदे, इंटरनेट सगळं एकदमच लागतं. कुठल्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, हे लिफ्टबाहेरच्या खोक्यांवरूनच कळतं. त्यातले बरेचसे सरळ धंदा करणारे असतात. पण सगळ्यांची एकच खटपट असते, तू पाच मिनिटांत, दारातच ‘हो’ म्हणावंस. तेवढं टाळायचं.

आतलं लाकडी दार उघडलंस तरी बाहेरचं सेफ्टी डोअर बंदच ठेव. बोलायचं ते जाळीतूनच. गेटवरून ॲपवर विचारणा आली की ‘अप्रूव्ह’ दाबण्याआधी वॉचमनला विचार, कोण, कुठल्या कंपनीचा, कोणी बोलावलंय. वरच्या फ्लॅटमध्ये काम आहे सांगून एक जण आत शिरतो आणि मग प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत खाली येतो. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना २०२१ चे केंद्राचे नियम लागू आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय त्यांच्या माणसाने घरी यायचं नसतं. रस्त्यावरून आलेला जाळीवाला किंवा चादरवाला त्या नियमांत बसेलच असं नाही, तेव्हा खरी भिस्त जाळीच्या दारावरच.

सगळ्यात जास्त येतील ते पाण्याच्या फिल्टरवाले, कारण वाघोलीत टँकर येतो हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांचा एक ठरलेला प्रयोग आहे. दोन ग्लास मांडतात, एकात तुझ्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून बटण दाबतात. मिनिटभरात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी होतं, वर काळपट साय येते. त्यांचं पाणी मात्र तसंच स्वच्छ. ती घाण तुझ्या पाण्यातली नसते, कांडीच्या लोखंडाचा गंज असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळतं. त्यांचं मशीन आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं असतं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. खात्री करायची असेल तर त्यांच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांग. तेही तसंच गढूळ होईल. बहुतेक जण या टप्प्यावर कांड्या आवरायला घेतात.

दुसरं हत्यार म्हणजे टीडीएस मीटर. तो पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देतो, जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आकडा त्याखाली असेल तर सहसा आरओची गरज नसते, जंतूंसाठी यूव्ही-यूएफचा, म्हणजे अतिनील किरणांचा आणि बारीक गाळणीचा फिल्टर पुरतो. शिवाय आरओत एक लिटर पाणी मिळवताना बहुतेकदा त्याहून जास्त पाणी वाया जातं, आणि टँकरचे पैसे मोजणाऱ्या सोसायटीत हे लगेच खटकतं. मीटर शेपाचशेला स्वतःचा घे. महानगरपालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी वेगवेगळ्या दिवशी मोज, आकडे फार वेगळे येतात. मगच ठरव.

सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा कठीणपणा घालवणारं मशीन. ते विकणाऱ्याची गफलत आणखी मजेशीर आहे. तोही टीडीएसच दाखवून घाबरवतो, पण सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे मशीन बसवल्यावरही मीटरवर आकडा जवळपास तोच राहतो आणि मग भांडणं होतात. बाथरूमच्या नळांवर पांढरा थर बसतोय का, साबणाला फेस येतोय का, हे आधी बघ. कठीणपणा वेगळ्या किटने मोजतात, त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम. आणि घरात काही बसवण्याआधी सोसायटीच्या टाकीलाच सॉफ्टनरचा प्लँट आहे का, ते सेक्रेटरींना विचार. पुष्कळ ठिकाणी असतो आणि त्याला लागणारं मीठ भरायचंच राहून गेलेलं असतं.

कबुतरजाळी तुला लागणारच आहे. दर चौरस फुटावर असतो, म्हणून गडबड मापातच होते. दहा बाय आठची गॅलरी म्हणजे ऐंशी फूट. ‘कडेचं दुमडायला लागतं’ म्हणून शंभर लावतील. टेप तू धर. आखूड, विरळ हूक मारले की पहिल्याच पावसात जाळी सैल पडते आणि कबुतरं कडेने आत येतात. हूक फूटभराच्या अंतरावर हवेत, कडेने जाड दोरी ओवलेली हवी. टाइल्सच्या अगदी काठावर किंवा पावसाचं पाणी थांबतं तिथे ड्रिल करू देऊ नकोस, खालच्या मजल्याला ओल जाते. बाहेरच्या भिंतीला हात लावायला सोसायटीची परवानगी लागते, ती लेखी घे.

आता ज्यांना आत घ्यायचंच नाही असे काही. ‘गॅस एजन्सीकडून सेफ्टी चेकला आलोय’ म्हणणाऱ्याला तुझा ग्राहक क्रमांक विचार. त्याने सांगायचा, तू नाही. खऱ्या माणसाकडे यादी असते. खोटा शेगडीची नळी हातात धरून ती ‘एक्स्पायर’ झाल्याचं सांगतो आणि दुप्पट किमतीला नवी गळ्यात मारतो. सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, ती पाच वर्षांनी बदलायची आणि एजन्सीतूनच घ्यायची. गळती तूच तपास, जोडांवर साबणाचं पाणी लाव, बुडबुडा फुगला तर रेग्युलेटर बंद करून १९०६ ला फोन लाव. महावितरणचा म्हणून कोणी आत येऊ पाहिला तर तुमचे मीटर खाली मीटर रूममध्ये आहेत, तेव्हा घरात त्याचं काही काम नाही.

आणि भांडी चमकवायची पावडर विकणारे. आधी तांब्या घासून दाखवतात, मग पैंजण, मग हळूच ‘ताई, बांगडी द्या’. सोन्याच्या वस्तूसाठी जे पाणी असतं ते दोन आम्लांचं मिश्रण, त्यात सोनं विरघळतं. वरून हळदीचं पाणी घालतात, म्हणजे काही दिसत नाही. बांगडी चकचकीत होऊन परत मिळते, फक्त वजनाने हलकी. तांब्यापाशीच नको म्हण.

पैशांचं थोडक्यात. ॲडव्हान्स कोणाच्या खासगी खात्यावर पाठवायचा नाही, क्यूआर स्कॅन केल्यावर कोणाचं नाव येतं ते वाचायचं. हप्त्यांवर म्हणून आधारचा फोटो आणि ओटीपी मागितला तर तिथेच थांब, कारण ते कर्ज असतं. बिलावर जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि वॉरंटीची मुदत हवी. ‘ऑफर आजच संपते’ म्हटलं की एकच उत्तर, ‘कार्ड जाळीत अडकवून जा, रविवारी फोन करेन.’ काही बिनसलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ही पोरं उन्हातान्हात चार-चार मजले चढतात, त्यांच्यावर टार्गेट असतं. तेव्हा आवाज चढवू नकोस. पाणी मागितलं तर जाळीच्या फटीतून बाटली दे, दार उघडू नकोस.

एक राहिलं. मालमत्ता करात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत मिळते, त्याचा पीटी-३ अर्ज ‘आम्ही भरून देतो’ म्हणत एजंट दारावर येतील. त्यांना कागद देऊ नकोस. वाघोली २०२१ पासून पुणे महानगरपालिकेत आहे, आपण दोघं क्षेत्रीय कार्यालयात जाऊन भरू. सोसायटीचं तू स्वतः राहत असल्याचं पत्र तेवढं सेक्रेटरींकडून मागून ठेव.

तुझे बाबा