अकरा जण येतोय, सई

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तिकिटं काढली. तुमच्या ड्रम कोर स्पर्धेच्या शुक्रवारच्या सेमीफायनलची अकरा आणि शनिवारच्या फायनलचीही अकरा. शनिवारी पहिले बाराच कोर, म्हणजे तुमच्यासारखे बाराच संघ, वाजवतात आणि तुम्ही त्या बारांत याल की नाही, ते शुक्रवारी रात्रीच कळणार. म्हणून दोन्ही दिवस घेतले. तुम्ही आलात तर तुम्हाला बघू, नाही आलात तर बाकीच्या बारांना बघू. हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय आणि एकानेही नाव मागे घेतलं नाही. तीन वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं, म्हणून तुला मुद्दाम लिहितेय.

तू बसमध्ये बसून गेलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात लोक विचारायचे, सई कुठे आहे? मी सांगायचे, ड्रम कोरमध्ये. मग 'कोर' म्हणजे काय, इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे प आणि स का म्हणायचे नाहीत, इथपासून सुरुवात. दोन वाक्यांत लोकांचं लक्ष उडायचं, म्हणून मी सोपा रस्ता काढला. 'आपलं ढोल-ताशा पथक असतं ना, तसंच समजा. ढोल आहेत, ध्वज आहेत, वर पितळी वाद्यं.' लगेच चेहरे खुलायचे. मंडळातल्या पथकातली चौघं तर तेवढ्यावरच माझ्यासोबत पहिल्या कार्यक्रमाला आली.

तिथे माझं चुकलं. मी स्वतः पुण्यात नदीपात्रात दोन वर्षं ढोल बांधलाय, मला तरी हे कळायला हवं होतं. पथक चालत आपल्या अंगावर येतं. आवाज छातीत शिरतो, पाय आपोआप हलतात, आपण मिरवणुकीचा भाग होऊन जातो. तुमचं तसं नाही. तुम्ही शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांत एक अख्खी गोष्ट मांडता, आणि ती बघायला माणसाला एका जागी बसावं लागतं, वरून बघावं लागतं. नाचायच्या तयारीने आलेल्या माणसाला बसवून ठेवलं की तो पाचव्या मिनिटाला घड्याळ बघतो. त्यात मी त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं, का तर सईचा चेहरा दिसावा. खालून दीडशे मुलांची आकृती दिसतच नाही, नुसती गर्दी पळताना दिसते. आणि पोटावर मोठे ड्रम बांधलेले तुम्ही बास ड्रमवाले तर प्रेक्षकांना बाजू देऊन उभे राहता, ड्रमचं तोंड त्यांच्याकडे हवं म्हणून. अडीच तास गाडी चालवून आलेल्या माणसांनी तुझा एक कान बघितला.

परतताना गाडीत कोणीतरी विचारलं, 'यात मुलांना पैसे किती मिळतात?' उलट आपणच काही हजार डॉलर भरतो, हे मी सांगितलं आणि पुढे घरापर्यंत कोणी बोललं नाही. ते वाईट वागले नाहीत गं. पण मला फार लागलं. तू सकाळी आठपासून उन्हात उभी राहायचीस, तुझ्या बोटांना पट्ट्या असायच्या, आणि माझ्या माणसांना त्यातलं काहीच दाखवता आलं नव्हतं.

तेव्हापासून मी समजावून सांगणं सोडलं. फोनवर व्हिडिओ दाखवणंही सोडलं. तळहाताएवढ्या पडद्यावर मैदान मावत नाही आणि फोनच्या स्पीकरमध्ये तुमचा सगळ्यात मोठा ड्रम ऐकूच येत नाही. आता मी प्रत्येकाला एकच गोष्ट देते, त्याच्या जवळची, आणि 'एवढीच बघ' म्हणते. बाकीचं मैदान करतं.

मावशीला मी गेल्या वर्षी तीन दिवस जेवणाच्या ट्रकवर नेलं. तिला संगीतातलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, पण दीडशे-पावणेदोनशे माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय ते तिला बरोबर कळतं. पहाटे साडेचारला तुमच्या बस आल्या. त्या वेळी आम्ही कलिंगडं चिरत होतो. तुम्ही उशा आणि हवेच्या गाद्या काखेत मारून एका अनोळखी शाळेच्या जिममध्ये शिरलात आणि जमिनीवर आडवे झालात. मावशी सुरी हातात धरून बघत राहिली. दुपारी तीच मुलं तिच्यासमोर ताट घेऊन उभी, मान भाजलेली, प्रत्येक जण 'थँक यू' म्हणून पुढे सरकणारा. तिसऱ्या दिवशी रात्री तिने पहिल्यांदा शो बघितला आणि सुरुवातीच्या सुरांनाच रडायला लागली. नंतर म्हणाली, 'त्या उंच तुतारीवाल्याला मी दुपारी दोनदा भात वाढलाय.' ती तुतारी नव्हती, मेलोफोन नावाचं दुसरं पितळी वाद्य होतं. मी दुरुस्त केलं नाही. या वेळी ती न्यू जर्सीहून स्वतःच्या खर्चाने येतेय आणि सोबत शेजारीणही आणतेय.

काकांचं प्रकरण वेगळं. त्यांना प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो. 'कला स्पर्धेत मोजायची कशी?' हा त्यांचा प्रश्न, आणि तो चांगलाच प्रश्न आहे. मी त्यांना सांगितलं, शंभरातले चाळीस एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. परीक्षक मैदानाकडे बघत बघत आपली टिप्पणी रेकॉर्ड करतात आणि कोर ती ऐकून दुसऱ्या दिवशी शो बदलतो. म्हणजे जूनमधला शो आणि ऑगस्टमधला शो एकच नसतो. मग २००८ सालच्या फायनलमधल्या पहिल्या दोन कोरचा निकाल सांगितला. ब्लूमिंग्टनला फँटम रेजिमेंट ९८.१२५, ब्लू डेव्हिल्स ९८.१००. अडीच शतांश गुण. काका पेन खाली ठेवून म्हणाले, 'एवढ्यावर?' तेव्हापासून ते रोज रात्री गुण बघतात आणि सकाळी मला फोन करून तुम्ही दृश्यात कुठे मागे पडलात ते सांगतात. १९७२ साली व्हाइटवॉटरला तुमची ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि अॅनाहाइम किंग्समेन जिंकले, हेही त्यांनी शोधून काढलंय. भेटल्यावर तुला ऐकवतील. ऐकून घे. ते त्यांचं प्रेम आहे.

मामाला मी आवाजाचं गणित दिलं. तो इंजिनिअर, त्याला सांगितलं की मैदानाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, तरी प्रेक्षकांना ठोका एकच ऐकू येतो. तो दोन दिवस विचार करत होता. मग मी सांगितलं की मैदानाच्या पुढच्या कडेला मारिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवणारे समोर हातवारे करणाऱ्या ड्रम मेजरवर भरवसा ठेवत नाहीत, ते पाठीमागून येणाऱ्या ड्रमचा आवाज ऐकून त्यावर वाजवतात. 'म्हणजे मागचा पुढच्याला चालवतो,' तो म्हणाला. मैदानाच्या मधोमध, पन्नास यार्डाच्या रेघेसमोर, वरच्या मजल्यावर जागा हव्यात हे आता तोच सगळ्यांना पटवतोय.

पण मुख्य सांगायचंय ते आजीचं.

आजी मे महिन्यात आली तेव्हा तिला तुझा सरावाचा एक तुकडा ऐकवला होता. तिने शांतपणे ऐकला आणि विचारलं, 'यात सई कुठली?' मी सांगितलं, चौथा ड्रम. पाच जणांच्या ओळीत पहिला सगळ्यात लहान आणि पाचवा सगळ्यात मोठा, तू मोठ्याच्या अलीकडची. पुन्हा लावलं. आजी म्हणाली, 'हिच्या वाट्याला एवढंच येतं? एक ठोका, मग थांबायचं, परत एक ठोका? अगं, एवढ्यासाठी एवढा उन्हाळा?' मला उत्तर सुचलं नाही. तिने चेष्टा केली नव्हती. तिला खरंच तुझं वाईट वाटत होतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी पाच वाट्या टेबलावर पालथ्या घातल्या. बाबा, मी, मामा, आजी आणि मामाचा ओम, असे पाच जण ओळीने बसलो, प्रत्येकाच्या हातात एक चमचा. म्हटलं, एकामागून एक वाजवायचं, मध्ये फट पडता कामा नये. सावकाश होतं तोवर जमलं. वेग वाढवला तशी आजी मागे पडायला लागली. दर वेळी मामाचा चमचा वाजला की ती उचलायची, तोवर ओमची पाळी निघून गेलेली. चारदा झालं. पाचव्यांदा तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, 'म्हणजे सई शेजारच्याचं ऐकून वाजवत नाही?' ऐकून वाजवलं तर उशीर होतो, मी म्हटलं. मोजणी आत चालू ठेवावी लागते. पायांत. आणि तेही वीस-पंचवीस पौंडांचा ड्रम पोटावर घेऊन आडवं चालताना, पाच यार्डांत बरोबर आठ पावलं टाकत, एक पाऊल साडेबावीस इंचांचं.

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने तो तुकडा परत लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकला. मांडीवर एकच बोट आपटत होती, दर चौथ्या ठोक्याला. तीन-चार वेळा चुकलं, मग एकदा अचूक पडलं. डोळे उघडून म्हणाली, 'ही नसती तर इथे भोक पडलं असतं.'

सई, मी तीन वर्षं लोकांना जे सांगायला धडपडत होते ते हेच होतं. पथकात पन्नास ढोल एकदम पडतात, एखादा चुकला तर बाकीचे त्याला पोटात घेतात. त्यातही मोठा आनंद आहे, मी तो घेतलाय. पण तुझ्या ओळीत तुझा ठोका दुसरं कोणीच वाजवत नाही. घरात अभ्यासाच्या टेबलावर रबरी पॅड ठेवून तू तासन् तास टकटक करायचीस, तेव्हा मी दार लावून घ्यायचे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता आजी रोज संध्याकाळी ती टकटक फोनवर ऐकायला मागते.

तू एकवीस पूर्ण केलीस. पुढच्या वर्षी वयाची अट तुला आत घेणार नाही, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्यात त्याला 'एज आउट' म्हणतात, हे मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे पाठवणीच की.' म्हणूनच मला या वेळी सगळे तिथे हवेत. नंतर कोणाला काही दाखवता येणार नाही. रेकॉर्डिंग राहील, पण स्टेडियमचं छप्पर बंद असताना पितळेचा तो पहिला मोठा सूर भिंतींवर आपटून परत येतो आणि खुर्चीचा हात थरथरतो, ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

आता कामाचं. शुक्रवारी दुपारी तुम्ही पार्किंग लॉटमध्ये वॉर्म-अप करता तिथे मी सगळ्यांना आधी घेऊन येणार आहे. स्टेडियममध्ये बसण्याआधी माणसाने हे जवळून बघावं, असं माझं ठाम मत झालंय. तिथे तुमच्यापासून दहा फुटांवर उभं राहता येतं, पाचही जणांच्या काठ्यांची उंची एक कशी राहते ते दिसतं आणि तुमचा श्वासही ऐकू येतो. आम्ही हाक मारणार नाही, हात हलवणार नाही. तू आमच्याकडे बघू नकोस. ओमला मी बजावून ठेवलंय. उन्हात आजीला फार उभं करणार नाही, मामा घडीची खुर्ची आणतोय. वर स्टेडियममध्ये लिफ्ट आहे, व्हीलचेअरचीही सोय होते, फोन करून विचारून घेतलं.

या पाकिटासोबत मोज्यांचे सहा जोड आहेत, तुला लागते ती बोटांना गुंडाळायची पट्टी आहे आणि दाण्याचे लाडू. लाडू आजीने केलेत. पाचांच्या ओळीला पुरतील इतके मोजून केलेत, तेव्हा चौघांना आधी दे.

आणि एक. शो झाल्यावर, तुमचं सगळं आवरून तू बाहेर आलीस की आजीला तो चौथा ड्रम एकदा हाताने वाजवून बघायचाय. चमच्याने नाही, तुझ्या काठीने. कोणाला विचारावं लागत असेल तर आत्ताच विचारून ठेव आणि मला कळव.

तुझी,
आई