चि. माईस पत्र

चि. माई हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, पैशांच्या दाव्यात डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम झाला, पण देणं लागणाऱ्याच्या नावावर काहीच नाही." तुझा आवाज उतरला होता, म्हणून लिहितोय. वकिलांकडं 30 वर्षं कारकुनी करताना दावा जिंकून रिकाम्या हातानं घरी गेलेली माणसं मी फार पाहिली.

तू पहाणी उतारे, म्हणजे कर्नाटकातले जमिनीचे उतारे, फक्त बेळगाव तालुक्याचे काढलेस. त्याचं मूळ गाव कुठलं, ते विचारलंस का? शिनोळी आली की चंदगड तालुका लागला, महाराष्ट्र लागला. इकडं कन्नडमधली पहाणी, तिकडं सातबारा. इकडं शोधून तिकडची जमीन दिसत नाही, हे लपवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापाशी 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांब. एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकट्यांचा हिस्सा त्याच्याआड असतो. बाप वारल्यानंतरचा वारसा फेरफार, म्हणजे वारसांची नावं चढवल्याची नोंद काढ, सगळी भावंडं त्यात सापडतील. खानापूरकडच्या एका वीटभट्टीवाल्याचे पैसे असेच सुटले. ऋणको बेळगावात भाड्यानं राहायचा आणि चंदगडला काजूच्या बागेत त्याचा चौथा हिस्सा निघाला.

ती जमीन इथलं कोर्ट जप्त करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 खाली डिक्री तिकडच्या कोर्टात पाठवावी लागते. त्याला वेळ लागतो, तोवर तो विकून मोकळा होईल. म्हणून आधी कलम 46 चा प्रिसेप्ट माग, म्हणजे तिकडच्या कोर्टानं जमीन लगेच जप्त करावी असा इथल्या कोर्टाचा आदेश. जप्ती दोन महिने टिकते.

सब-रजिस्ट्रारकडची ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखलाही काढ. तुमची नोटीस पोचल्यावर बायकोला बक्षीसपत्र करून दिलेलं दिसलं, तर असं फसवं हस्तांतर मोडायला ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम 53 आहेच. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 रूल 41 चा अर्ज आजच टाक. मालमत्तेचं शपथपत्र त्यालाच द्यावं लागेल. टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

नाव मात्र सगळ्या तऱ्हांनी शोध. कन्नडात एक, मराठीत एक, कुठं आडनाव आधी, कुठं बापाचं नाव गाळलेलं. सुरुवातीच्या काळात मी एकाच तऱ्हेनं शोधलं आणि "काही नाही" असं कळवलं. जमीन होती, पण ती सापडेपर्यंत दरखास्तीची, म्हणजे डिक्री बजावून घेण्याच्या अर्जाची, 12 वर्षांची मुदत सरली होती. त्या विधवा बाईंचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो.

बँक खात्यांची माहिती काढून देतो म्हणणारा एजंट भेटेल. त्याला दारात उभा करू नकोस. खात्याचा पत्ता लागला तर कोर्टाकडून गार्निशी नोटीस, म्हणजे त्याचे पैसे कोर्टात भरा अशी बँकेला नोटीस काढ. आणि जप्तीच्या यादीत त्याची स्वयंपाकाची भांडी, हातची अवजारं घालू नकोस. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 त्यांना हात लावू देत नाही, आणि मलाही ते पाहवत नाही.

शनिवारी चंदगडला जाणार असशील तर सकाळच्या एसटीनं मीही येतो. जुन्या फेरफारांचं मोडकं अक्षर मला लागतं. तुझी आई डबा देईल.

तुझे
बाबा