मॉरिशस सहल : बाग आणि कासवं पाहण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार. मे महिन्यात नागपूर तापलेलं असलं, तरी मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं तिथे थंडीची चाहूल लागलेली असते. पातळ स्वेटर ठेवाच.

पांपलमूसच्या बागेत सकाळीच जाऊ. परातीसारखी काठ वळलेली व्हिक्टोरिया कमळाची पानं निवांत पाहा. त्याचं फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी!

दक्षिणेकडच्या उद्यानात सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांच्या जातीची महाकाय कासवं मोकळी फिरतात. मानेखाली हलकेच खाजवलं की मान लांब करून स्तब्ध उभी राहतात. फोटोसाठी नातवंडांना त्यांच्या पाठीवर मात्र कृपया बसवू नका.

ताजी फळं, बियाणं, रोपं सोबत घेऊ नयेत.

शनिवारी सायंकाळी ५ वाजता धरमपेठेत नेहमीच्या जागी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन यावे.