वजनकाटा बाजूला ठेवा, खुर्चीवरून उठवून पाहा : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

लठ्ठपणाला दिव्यांगत्व म्हणावे का, हा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक, ‘खाऊन खाऊन वाढवलेय, आता सरकारने सवलत द्यायची?’ आणि दुसरे, ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) चाळीसच्या वर गेला की दिव्यांगत्वाचे कार्ड देऊन टाका.’ आम्हाला दोन्ही पटत नाहीत. त्यातले पहिले जास्त घातक, म्हणून आधी त्याचेच बघू.

रूळ ओलांडताना लोकलखाली पाय गेलेला माणूस दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे येतो, तेव्हा पाय गुडघ्याच्या वर कापला की खाली, खुंट किती लांबीचा आहे, एवढेच पाहिले जाते. पूल असताना रुळावरून का गेलात, असे कोणी विचारत नाही. दारू पिऊन गाडी ठोकलेल्यालाही नाही. वर्षानुवर्षे साखर सांभाळली नाही, पायाला गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला, तर त्यालाही प्रमाणपत्र मिळते आणि ते मिळायलाच हवे. पण याच माणसाला पाय शाबूत असताना, 140 किलो वजनामुळे एसटीची पहिली पायरी चढवत नव्हती, तेव्हा मात्र ‘आधी वजन कमी करा’ एवढेच ऐकावे लागले. दोष कोणाचा, ही कसोटी कायद्यात कुठेच नाही. ती फक्त लठ्ठ माणसालाच लावली जाते.

युरोपियन संघाच्या न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. डेन्मार्कमधल्या बिलुंड नगरपालिकेने मुले सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याला कामावरून काढले होते. डिसेंबर 2014 च्या निकालात न्यायालयाने लठ्ठपणाला सरसकट दिव्यांगत्व म्हटले नाही. मात्र लठ्ठपणामुळे हालचालीवर दीर्घकाळ मर्यादा येत असेल आणि इतरांच्या बरोबरीने काम करता येत नसेल, तर ते दिव्यांगत्व ठरू शकते, असे सांगितले. त्या अवस्थेला माणसाचा स्वतःचा हातभार किती लागला, हे त्यात गैरलागू आहे, हेही स्पष्ट केले.

आपला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम याहून फार वेगळे बोलत नाही. दीर्घकालीन दुर्बलता आणि समोरचे अडथळे मिळून समाजातला सहभाग अडत असेल, तर ती व्यक्ती दिव्यांग, अशी त्याची व्याख्या आहे. अनुसूचीत 21 प्रकार आहेत, लठ्ठपणा नाही. नवा प्रकार घालण्याचा अधिकार केंद्राचा. पण वाजवी सोय (अडचण पाहून करून दिलेली व्यवस्था) मिळण्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकाश कुमार प्रकरणात सांगितले. तिथला उमेदवार लिहिताना बोटे आखडण्याच्या त्रासाने लेखनिक मागत होता. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता दुसरे मत. बीएमआय म्हणजे वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 1.60 मीटर उंचीला 64 किलोवर 25 येतो (आशियाई निकषाने लठ्ठपणा इथूनच सुरू होतो) आणि 102 किलोवर 40. कोल्हापूरच्या तालमीतला 1.80 मीटर उंचीचा, 125 किलोचा पैलवान घ्या. त्याचा बीएमआय 38 च्या वर, आणि तो पहाटे उठून जोर मारतो. त्याला कार्ड कशाला? उलट 32 बीएमआयच्या, दोन्ही गुडघे झिजलेल्या बाईला भारतीय बैठकीच्या संडासातून आधाराशिवाय उठता येत नसेल, तर तिची अडचण खरी आहे. आकड्यावर कार्ड वाटले तर चुकीच्या माणसाला मिळेल आणि गरजू बाहेर राहील.

सध्याच्या मूल्यमापनात ही बाई कुठे अडकते, ते पाहा. अस्थिव्यंगासाठी सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतात. तिची ताकद बरी निघते. कोनमापक लावायच्या हाडाच्या खुणा चरबीखाली बोटांना सापडत नाहीत, त्यामुळे दोन तपासनीसांचे आकडे जुळत नाहीत. शिवाय पोटरी मांडीला टेकल्यामुळे गुडघा आधीच थांबतो. तो सांध्याचा दोष धरायचा की नाही, यावर मते दोन. एवढे करून प्रत्येक गुडघ्याला 20 टक्के आले, तरी बेरीज 40 होत नाही. आकडे जोडायचे सूत्र आहे a + b(90 − a)/90, यात a आणि b म्हणजे दोन टक्केवाऱ्या, a मोठी. म्हणजे 20 + 20 × 70 ÷ 90, उत्तर 35.6. झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, पाय सुजतात, याला तर तक्त्यात खानाच नाही.

आमचे म्हणणे असे की काम मोजा. हात नसलेली, 43 सेंटिमीटर उंचीची मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी घेऊन 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजा. खुर्चीवरून उठून 3 मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. 30 मीटरच्या सपाट व्हरांड्यात 6 मिनिटांत किती अंतर जाते, किती वेळा थांबावे लागते, बोटावरचा ऑक्सिजन किती उतरतो ते लिहा. घड्याळ, टेप, खुर्ची, ऑक्सिमीटर. जिल्हा रुग्णालयात यातले सगळे आहे. प्रमाणपत्र तात्पुरते, दोन वर्षांचे द्या आणि मुदतीनंतर पुन्हा मोजा. वजन उतरून चालणे सुधारले तर कार्ड जाईल, त्यात वाईट काही नाही.

मग जबाबदारीचे काय? ती आहेच. पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 मध्ये तेल दहा टक्के कमी करायला सांगितले, ते योग्यच. एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे रुग्णाला जरूर सांगा. पण वजन घटवले की शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते आणि भूक वाढवते, हेही सांगा. इन्सुलिन, स्टेरॉइड, मानसिक आजारावरचे ओलान्झापिन, फिटवरचे व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढते, आणि ती औषधे आपणच लिहून देतो. आठवड्याला एकदा टोचायची नवी औषधे बंद केली की वजन बहुतेकदा परत चढते. म्हणून उपचार द्या, पाठपुरावा करा. पण ‘आधी दहा किलो उतरवा, मग रॅम्प’ अशी अट घालू नका. विमा नियामकाने तर बीएमआय 40 किंवा जास्त, अथवा 35 किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेतला गंभीर श्वासरोध असा आजार असल्यास, इतर उपाय थकल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च मान्य केला आहे. विम्याला हा आजार दिसतो, आपल्या विभागाला दिसू नये?

कायदा बदलायची वाट न पाहता आजच करता येईल अशी कामे आहेत. अनेक दवाखान्यांतला वजनकाटा 120-150 किलोवर थांबतो. पुढे ‘120 च्या वर’ एवढेच लिहिले जाते आणि भूलतज्ज्ञ डोस अंदाजाने ठरवतो. कुठे रुग्णाला धान्याच्या काट्यावर पाठवतात. तो पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकत नाही. 250-300 किलोचा, जमिनीलगत रुंद फलाट असलेला काटा घ्या. व्हीलचेअर आणि स्ट्रेचरवर किती किलो चालते ते ठळक रंगवा. दाराशी बिनहाताची रुंद बाकडी ठेवा, कारण प्लास्टिकच्या हाताच्या खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीसकट उठतो आणि बघणारे हसतात. संडासात भिंतीला आधाराचा दांडा लावताना तो विटेत पक्का बसवा. टाइलवर स्क्रू मारलेला दांडा पहिल्याच झटक्यात हातात येतो.

आणि रक्तदाबाचा पट्टा. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या 80 टक्के आणि रुंदी 40 टक्के हवी. 42 सेंटिमीटरच्या दंडाला म्हणजे सुमारे 34 बाय 17. नेहमीचा पट्टा ओढूनताणून बांधला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि गोळी विनाकारण वाढते. खरेदीच्या मागणीपत्रात ‘लार्ज’ एवढेच लिहू नका. प्रत्येक कंपनीचे लार्ज वेगळे असते. सेंटिमीटर लिहून मागवा.

आपले,
दिव्यांगत्व मूल्यमापन व पुनर्वसनाचे काम करणारे काही जण