चौकोन आणि माणूस यांत वैर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आधुनिक चित्रकलेवरील लेखात, ज्याला माणूस काढता येत नाही तो चौकोन-त्रिकोणांकडे वळतो, अशा अर्थाचे विधान होते. चित्रकला शिक्षक म्हणून त्याला माझी हरकत आहे.

जर्मन चित्रकार ऑस्कर श्लेमर (१८८८–१९४३) यांचेच उदाहरण घ्यावे. बाउहाउस या कलाशाळेत कँडिन्स्की, मोहोली-नॉज यांसारखे सहकारी शुद्ध आकारांच्या मागे असताना श्लेमर यांनी मानवाकृती सोडली नाही. १९२८ मध्ये त्यांनी तेथे ‘माणूस’ याच नावाचा अभ्यासक्रम शिकवला. ही शाळा जेथे होती त्या देसाऊ शहराच्या नाझी बहुमताच्या नगरपालिकेने ती बंद केली त्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी ‘बाउहाउसचा जिना’ हे चित्र रंगवले. त्यात काटकोनी चौकटींपुढून विद्यार्थी पाठमोरे वर चढत आहेत. डोकी जवळजवळ गोल, शरीरे कमरेशी निमुळती. नाकडोळ्यांचा तपशील गळल्यामुळेच आपली नजर मानेच्या झुकण्याकडे, खांद्याच्या वळणाकडे, चढणाऱ्या शरीराच्या तोलाकडे जाते. येथे भूमितीने माणसाला हटवलेले नाही, उभे केले आहे. आपल्याकडे चित्रकार जहांगीर साबावाला पॅरिसला चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे क्युबिझमची, म्हणजे वस्तू भौमितिक पैलूंत मांडण्याची, शिस्त शिकले, आणि त्यांच्या चित्रांतील यात्रेकरू त्याच पैलूदार रंगपृष्ठांतून घडले.

सोलापूरकरांना तर हे नवे वाटू नये. जकार्डच्या (भोके पाडलेल्या पत्त्यांनुसार नक्षी विणणाऱ्या मागाच्या) चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात आणि मग त्याबरहुकूम पत्त्यांना भोके पाडतात. मानेचा बाक पायऱ्यापायऱ्यांनी येतो, पण मोर मोरच राहतो.

गैरसमजाचे मूळ बहुधा आमच्याच वर्गात असावे. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत कर्तव्यभूमितीचा, म्हणजे कंपास-पट्टीने आकृत्या काढण्याचा, पेपर वेगळा आणि माणसे काढण्याचे स्मरणचित्र वेगळे, त्यामुळे कंपासपेटी मिटल्यावरच चित्र सुरू होते, असे मुलांना वाटू लागते.

आणखी एक विनंती. पुरवणीत चित्र छापताना त्याखाली माध्यम आणि मापे द्यावीत. श्लेमर यांचे ‘बाउहाउसचा जिना’ हे तैलचित्र सुमारे १६२ सेंटिमीटर उंच आहे. दोन बोटे रुंदीच्या छपाईत त्यातल्या आकृती नुसते ठोकळेच दिसणार.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सोलापूर