मीटर पाठवतेय

चि. मन्या यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी आवाज चढवला, चुकलंच. पण "गाडी आपोआप बंद पडली, आपोआप चालू झाली, आता ठीक आहे" म्हणालास आणि माझं डोकं फिरलं. टेलिफोनच्या जोडण्या तपासण्यात 35 वर्षं गेली माझी. आपोआप बरी झालेली वायर एकदाही पाहिली नाही. रात्री गाडी काढू नकोस. एवढंच लिहायचं होतं.

बसलेच आहे तर ऐक. बॅटरी बदललीस, रिले बदललास, आता बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर म्हणतोस. बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 14.2, हे तू स्वतः मोजलंस. (ऐकून बरं वाटलं, बोलले नाही.) म्हणजे मोजलास तेव्हा तरी अल्टरनेटर काम करत होता. मग अंदाजपंचे पैसे का घालवायचे? आधी वही कर. इंजिन गरम होतं की गार, पाऊस होता का, खड्डा लागला का, आणि मुख्य म्हणजे काय काय गेलं. इंजिन, डॅशबोर्ड, हेडलाइट सगळं एकदम गेलं असेल तर सगळ्यांची सामाईक जागा धर: बॅटरीचे टर्मिनल, आणि बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी. हेडलाइट तसेच राहून बाकीचं गेलं असेल तर इग्निशन स्विचवर संशय घे.

वायर तपासताना मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणून वायर शाबूत, असं समजू नकोस. आतली एकच बारीक तार उरली तरी बझर वाजतो. भार आला की तीच तार दम टाकते. म्हणून भार देऊन मोज. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. आकडा 0.2 व्होल्टच्या बराच वर गेला तर अर्थ गंजलाय किंवा सैल आहे. मग वायर हलवत जा आणि नजर आकड्यावर ठेव.

आठवतं? सेल्फ मारायला तूच असायचास. पाय पोचत नव्हते, सीटच्या कडेवर बसून किल्ली फिरवायचास. बाबा टॉर्च धरायचे आणि नेमका माझ्या डोळ्यांवर मारायचे. दाराच्या बिजागरीपाशी ती निळी वायर मी हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. वरचं आवरण धड, आत तांबं तुटलेलं. तू "आई, मला ओढू दे" म्हणून दहा वेळा ओढलीस.

आणि फ्यूज सारखा जातो म्हणून 10 ॲम्पिअरच्या जागी 20 चा घालू नकोस. फ्यूज टिकेल, वायर जळेल. बघ, पुन्हा मास्तरीण झाले. राग मानू नकोस. ताईच्या त्या रात्रीनंतर फोन उशिरा वाजला की माझे हात गार पडतात, तुला माहीत आहे. भर रस्त्यात दिवे गेले तर मागच्याला तू दिसणारसुद्धा नाहीस.

माझा मीटर पाठवतेय. त्यातला सेल उतरला की तो खोटे, चढे आकडे दाखवतो, म्हणून नवा घातलाय. लाल टोकाची वायर मुळाशी थोडी सैल आहे, टेप गुंडाळलीय. तिथे धरून वाकवू नकोस, नाहीतर गाडीचा दोष सोडून मीटरचाच शोधत बसशील.

सापडेपर्यंत उजेडातच जा-ये कर. टर्मिनल घासलेस की आकडा कळव, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई