कॅसेटचं एमपी3 झालं, पण गाणाऱ्याचं नाव कुठं गेलं?

संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळीची साफसफाई जवळ आली की माळ्यावरचे कॅसेटचे खोके खाली येतात आणि मग ते एकतर भंगारात जातात नाहीतर कुठल्यातरी दुकानात, "पेन ड्राइव्हमध्ये टाकून द्या" म्हणून. मी पण तेच केलं, आणि त्यात माझं जे गेलं ते दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून लिहितेय.

माझे वडील, आप्पा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. 1983 पासून पुढे दहा-बारा वर्षं सप्त्यात टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांनी भजनं रेकॉर्ड केली, 41 कॅसेटी, सगळ्या नव्वद मिनिटवाल्या. कॅसेटवर फक्त नंबर टाकलेला आणि आतल्या कार्डावर बारीक अक्षरात सगळं, कुठला अभंग, कुणी म्हटला, पखवाजावर कोण होतं, तिथीसुद्धा. त्यातल्या 30 मी दुकानात दिल्या, 11 घरीच राहिल्या होत्या. परत मिळाल्या त्या पिशवीत सुट्ट्या. डब्या फुटलेल्या होत्या म्हणून टाकून दिल्या असं काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, आणि कार्डं त्या डब्यांतच होती. पेन ड्राइव्ह लावून बघते तर ट्रॅक01 ते ट्रॅक60, प्रत्येक 45 मिनिटांची, गाणाऱ्याच्या जागी "अननोन आर्टिस्ट". माझ्या सख्ख्या काकांचा आवाज आणि समोर लिहिलंय अननोन. फार लागलं ते मनाला.

आवाजाचंही तेच. फाइली 64 केबीपीएसच्या होत्या (दर सेकंदाला आवाजाची किती माहिती ठेवली त्याचं माप, आकडा लहान तेवढा आवाज दाबलेला), त्यामुळे टाळ वाजला की टाळ वाटायचाच नाही, नळाखाली पाणी खळखळतंय असं यायचं. भाचा म्हणाला मावशी, 320 मध्ये कन्व्हर्ट करून देतो, पण त्यानं फाइल नुसती मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही, उलट झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं दरवेळी थोडं आणखी जातं. दुकानदाराकडं मूळ वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला पूर्ण आवाज, मागितली तर ती डिलीट केलेली.

म्हणून मग सगळ्या 41 कॅसेटी घरीच नव्यानं कॉम्प्युटरवर घेतल्या. दादाचा जुना कॅसेट डेक काढला, टेप जिथं घासते ते हेड स्पिरिटच्या कापसानं पुसलं, दोन-तीन कॅसेटींतली टेप हेडला दाबून धरणारी फेल्टची बारकी गादी निघून पडली होती तर स्क्रू काढून ती टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. डेकमधून लॅपटॉपला यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं. कॅसेट जेवढी तेवढाच वेळ लागतो, म्हणजे 61 तास, घाई करून चालतच नाही. वेव्हमध्ये सगळं मिळून साधारण 37 जीबी झालं, ते फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये करून ठेवलं, त्यात जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि आवाजातलं काही जात नाही. ते मूळ म्हणून दोन हार्ड डिस्कवर. ऐकायला म्हणून 192 केबीपीएसचं एमपी3, ते पाच-सव्वापाच जीबीत बसतं, साधा 8 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो.

पण खरं काम त्याच्यापुढं होतं, नावांचं. आई 78 वर्षांची आहे. रोज दुपारी तिच्या कानाला हेडफोन लावायचा आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे. नवीन अभंग सुरू झाला की ती बोट वर करायची, मी तिथं कंट्रोल-एम दाबून लेबल, म्हणजे नावाची खूण, टाकायचे. "ही गौळण, थोरल्या काकांची. थांब, मागं खोकतोय ना, तो पाटलांचा म्हातारा." खोकल्यावरून माणूस ओळखला तिनं! चार महिने असं चाललं, आणि लेबलांवरून फाइली आपोआप वेगळ्या कापून निघतात.

नावं एमपी3टॅग या सॉफ्टवेअरनं फाइलीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच असलेल्या माहितीच्या रकान्यांत भरली, मराठीतच. गाणारा, साल, गाव, आणि कमेंटच्या रकान्यात पेटी-पखवाज कुणाचं ते. ज्या 11 ची कार्डं होती त्यांचे फोटो कव्हर म्हणून फाइलीतच घातलेत, आता अभंग लागला की मोबाइलवर आप्पांचं अक्षर दिसतं.

आणि मग तो पेन ड्राइव्ह गाडीत लावला तर स्क्रीनवर नुसते चौकोन. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये नावाला 30 बाइटचीच जागा असते आणि देवनागरी त्यात बसवायची सोयच नाही, म्हणून मी नव्या पद्धतीचा, आयडी3 व्हर्जन 2.3, यूटीएफ-16 वाला (ज्यात देवनागरी अक्षरं बसतात) टॅग केला. दादाच्या गाडीत तो आला, पण कसा, तर "विठ्ठल" मधली वेलांटी व च्या नंतर जाऊन बसलेली आणि ठ फुटलेला. लाखो रुपयांची गाडी महाराष्ट्रात विकता आणि तिला विठ्ठल लिहिता येत नाही? मोबाइलवर मराठी नीट दिसते, मग गाडीत आणि स्पीकरवर का नाही, हे कंपन्यांना ग्राहकांनीच शोरूममध्ये विचारायला पाहिजे. घेण्याआधी मराठी नावांचा पेन ड्राइव्ह लावून बघा. (बऱ्याच गाड्यांना पेन ड्राइव्ह फॅट32 फॉरमॅटचा लागतो, आणि बऱ्याच गाड्या नावानं नाही तर कॉपी केलेल्या क्रमानं वाजवतात, म्हणून एकेक फोल्डर ओळीनं कॉपी करायचं आणि नावाआधी 01, 02 घालायचं, नुसतं 1, 2 घातलं की काही ठिकाणी 1 नंतर 10 लागतं.)

दुकानात देणार असाल तर आधी प्रत्येक कार्डाचा फोटो काढा, कार्ड घरी ठेवा, फक्त कॅसेट द्या, वेव्ह किंवा फ्लॅक पाहिजे असं लिहून द्या. आणि ज्यांनी ते गायलंय, ऐकलंय ती माणसं घरात असतील तर आजच शेजारी बसवा.

आमच्या 7 अभंगांचे आवाज आईलाही ओळखू आले नाहीत. आप्पांच्या मंडळातले दोघं अजून आहेत गावात, कार्तिकीला जाणार आहे, हेडफोन नको म्हणाले, स्पीकर घेऊन ये म्हणाले.

– एक वाचक, बार्शी